पदवीची किंमत आणि वाट पाहण्याची वर्षे

बारावीचा निकाल लागला, की जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा आणि भोवतालच्या गावांत दरवर्षी एकच प्रश्न घरोघर निघतो. मुलाला पुढे शिकवावे काय, आणि शिकवलेच तर त्यातून हाती काय पडणार? प्रवेश मिळेल की नाही, ही चिंता आता उरलेली नाही. निमगाव सावा येथेच कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांचे महाविद्यालय आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर येथे पदवीची सोय आहे. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे. ज्या पदवीसाठी दोन पिढ्यांपूर्वी पुण्याला खोली करून राहावे लागे, ती आज घरची भाकरी खाऊन मिळवता येते. असे असूनही पदवीवरचा विश्वास वाढण्याऐवजी ढळत चालला आहे. पदवी जितकी जवळ आली तितकी नोकरी लांब गेली, अशी भावना गावोगाव बोलून दाखवली जाते.

या भावनेत तथ्य किती आणि वैताग किती, हे पाहिले पाहिजे. 'पदवीला आता किंमत राहिली नाही' हे वाक्य जितके सोपे तितकेच फसवे आहे. आणि 'शिकलेला माणूस उपाशी मरत नाही' हे त्याला दिले जाणारे उत्तरही तेवढेच अपुरे आहे. पदवी घ्यावी की न घ्यावी, असा हा प्रश्न मांडला, की तो सुटत नाही. पदवीसाठी नेमके काय मोजावे लागते, हे आधी नीट मोजले तर मात्र त्याचा उलगडा होऊ लागतो.

शुल्काचा हिशेब आणि वर्षांचा हिशेब

शिक्षणाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची कल्पना नवी नाही. १७७६ साली ॲडम स्मिथने दीर्घ शिक्षण घेतलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती. यंत्रावर घातलेले पैसे ते झिजण्यापूर्वी निघाले पाहिजेत, तसेच शिक्षणावर घातलेलेही निघाले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. विसाव्या शतकात थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी याच विचाराला 'मानवी भांडवल' या सिद्धांताचे रूप दिले. बेकर यांचा या विषयावरील ग्रंथ १९६४ चा. त्यांच्या मांडणीतील एक मुद्दा आपल्याकडील घरगुती हिशेबात हमखास निसटतो. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क, पुस्तके आणि एसटीचा पास नव्हे. शिकण्याच्या काळात जी कमाई करता आली असती आणि केली नाही, तीही खर्चाच्याच बाजूला लिहावी लागते. यालाच अर्थशास्त्रात संधीखर्च म्हणतात.

अमेरिकेत पदवीच्या मोलाविषयीचा वाद प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्जाभोवती फिरतो, कारण तेथे शुल्कच अवाढव्य आहे. तो वाद जसाच्या तसा आपल्याकडे आणण्यात अर्थ नाही. अनुदानित महाविद्यालयातील कला वा वाणिज्य शाखेचे शुल्क हा निमगाव सावा परिसरातील कुटुंबाच्या दृष्टीने जड असला तरी सर्वांत मोठा खर्च नसतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या वाटेने जाणाऱ्यांच्या बाबतीत शुल्काचे ओझे खरेच मोठे असते. पण बहुसंख्य मुले त्या वाटेने जात नाहीत. ती साधी पदवी घेतात, आणि साध्या पदवीची खरी किंमत पैशांत नसून वर्षांत असते.

ही किंमत आकड्यांत पाहण्यासाठी एक सोयीचे माप शासनानेच पुरवले आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्ण उमेदवाराला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० रुपये आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. हे विद्यावेतन आहे, बाजारातील पगार नव्हे, हे खरे. तरीही शिक्षणाच्या निरनिराळ्या पायऱ्यांमध्ये किती अंतर असावे याचा एक अधिकृत अंदाज त्यातून मिळतो, आणि उदाहरणापुरता तो पुरेसा आहे.

समजा, बारावीनंतरचा मुलगा दरमहा ६,००० रुपये मिळवू शकतो. पदवीची तीन वर्षे म्हणजे ३६ महिने. या काळात त्याने सोडून दिलेली कमाई २,१६,००० रुपये झाली. पदवीनंतर त्याला दरमहा ४,००० रुपये अधिक मिळतील, म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये. शुल्क आणि व्याज बाजूला ठेवले तरी सोडलेली कमाई भरून निघण्यास साडेचार वर्षे लागतात. हा व्यवहार वाईट म्हणता येणार नाही. एकविसाव्या वर्षी पदवीधर झालेला मुलगा पंचविशी उलटता उलटता हिशेबात बरोबरीला येतो आणि पुढची सारी वर्षे नफ्याची असतात.

आता दुसरी तुलना पाहू. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण करणारा मुलगा बारावी होणाऱ्या मुलाच्याच वयाला, अठराव्या वर्षाच्या सुमारास, कामाला लागू शकतो. त्याच्याशी तुलना केली तर पदवीच्या तीन वर्षांत सोडलेली कमाई ८,००० रुपयांच्या हिशेबाने २,८८,००० रुपये होते आणि पदवीमुळे मिळणारा फरक महिन्याला २,००० रुपयांचाच राहतो. म्हणजे बरोबरीला यायला बारा वर्षे. आणि पदवीनंतर नोकरीची वाट पाहण्यात आणखी तीन वर्षे गेली तर सोडलेली कमाई ५,७६,००० रुपयांवर जाते आणि ती भरून निघण्यास चोवीस वर्षे लागतात. चोविसाव्या वर्षी कामाला लागलेला हा पदवीधर अठ्ठेचाळीसाव्या वर्षी आयटीआयवाल्या मित्राच्या बरोबरीला येईल!

हे गणित ढोबळ आहे. पगार एकाच जागी थांबत नाही. पदवीधराची वाढ पुढे अधिक वेगाने होऊ शकते, आणि कंत्राटी कामगाराची मुळीच होत नाही असेही घडते. परंतु गणितातील मुख्य गोष्ट आकडे बदलल्याने बदलत नाही. तीन वर्षांचा अभ्यास हा पेलण्याजोगा खर्च आहे. त्या अभ्यासाला जोडून येणारी वाट पाहण्याची वर्षे हा न पेलणारा खर्च आहे.

बेकारी की प्रतीक्षा?

देशाची आकडेवारी याच निष्कर्षाकडे बोट दाखवते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के होते. अक्षरशत्रू मुलगा कामावर आणि पदवीधर मुलगा घरी, असे हे वरवर पाहता उफराटे चित्र आहे. अनेकजण येथेच थांबतात आणि 'शिकून बेकार झाला' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

वस्तुतः गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाची भ्रांत आहे तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीने करतो, म्हणून तो बेकारांच्या यादीत दिसत नाही. पदवीधर थांबू शकतो, कारण त्याला थांबवून धरणारे कोणीतरी घरी असते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालातील एक तपशील या दृष्टीने बोलका आहे. पंचवीस वर्षांखालील पदवीधरांत बेकारी ४२ टक्क्यांच्या वर होती. पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांत ती ५ टक्क्यांच्याही खाली होती. म्हणजे अखेरीस बहुतेकांना काहीतरी काम मिळते, किंवा ते मिळेल ते काम पत्करतात. मार्क ब्लॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाही तिचे स्वरूप मुख्यतः प्रतीक्षेचे असल्याचे त्यांना आढळले होते. अर्धशतक उलटले, पदवीधर कितीतरी पटींनी वाढले, प्रतीक्षा मात्र संपली नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा, की पंचविशी ते पस्तिशी या दहा वर्षांत काय होते? पस्तिसाव्या वर्षी पत्करलेले काम पंचविसाव्या वर्षीच पत्करता आले असते काय? आणि आले असते, तर मधल्या दहा वर्षांचे बिल कोणी भरले?

बिल भरणाऱ्यांची नावे गावाला ठाऊक असतात. कांद्याची पट्टी आली की त्यातले काही पैसे पुण्याच्या खोलीसाठी बाजूला काढणारा बाप, चाकणला किंवा रांजणगावला कंत्राटी कामावर जाऊन धाकट्याच्या खानावळीचे पैसे पाठवणारा थोरला भाऊ, दुधाचे पैसे गाठीला मारून ठेवणारी आई. सदाशिव पेठेतील आणि शनिवार पेठेतील अभ्यासिका अशा पैशांवर चालतात. पदवीच्या खर्चात हे आकडे कोणी मिळवीत नाही, कारण पदवी तर केव्हाच मिळालेली असते.

कनातीतले प्रेक्षक

ही वाट कशाची असते, हे सांगायला नको. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. खुल्या प्रवर्गासाठी अर्जाचे शुल्क १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. म्हणजे केवळ अर्जाच्या रकमेचा हिशेब शंभर कोटींच्या घरात जातो. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज होते. पोलीस शिपायाच्या पदाला बारावीची अट आहे, पण त्या रांगेत पदवीधरही उभे असतात.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. कनातीत पुढच्या रांगेतील एकजण नीट दिसावे म्हणून उठून उभा राहिला, तर त्याला नक्कीच अधिक चांगले दिसते. मग मागचा उठतो, त्याच्या मागचा उठतो आणि सरतेशेवटी सारी कनात उभी राहते. दिसते पूर्वीइतकेच, फरक एवढाच, की आता सर्वांचे पाय दुखतात. पदवीचे नेमके हेच झाले आहे. बारावीच्या योग्यतेच्या कामासाठी पदवीधर उभा राहिला, की पदवीच्या कामासाठी द्विपदवीधर उभा राहतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले, की नोकरी देणारा अनेकदा पदवीतील ज्ञान विकत घेत नाही, पदवी ही केवळ उमेदवाराच्या कुवतीची खूण म्हणून पाहतो. खूण सर्वांकडे आली, की ती खूण राहत नाही आणि नवी, अधिक महाग खूण शोधली जाते. ही शर्यत एकेका उमेदवाराच्या दृष्टीने शहाणपणाची असते. साऱ्या तालुक्याच्या दृष्टीने ती नुकसानीची असते. उमेदवारांनी कितीही अभ्यास केला तरी तलाठ्यांच्या जागा वाढत नाहीत.

या शर्यतीत शासन हा त्रयस्थ पंच नाही. परीक्षा लांबते, पुढे ढकलली जाते, अभ्यासक्रम बदलतो. प्रत्येक वेळी शासनाच्या दप्तरी एक तारीख बदलते आणि उमेदवाराच्या आयुष्यातील काही महिने जातात. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्यावर पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या परीक्षापद्धतीच्या अंमलबजावणीवरून आले. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्याने पुन्हा आले. २०१६ मध्ये वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे करण्यात आली. ज्यांच्या संधी जाहिराती न निघाल्यामुळे हुकल्या होत्या त्यांना तो दिलासा होता. पण त्याच निर्णयाने वाट पाहण्याची मुदतही पाच वर्षांनी वाढवली, हे लक्षात घेतले गेले नाही.

शेतीचा भरवसा

मग शेतकरी कुटुंबे तरीही हा तोट्याचा वाटणारा व्यवहार का करतात? ती अडाणी आहेत म्हणून नव्हे. त्यांचा हिशेब सरासरी उत्पन्नाचा नसतो, भरवशाचा असतो. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक भाव मिळाला आणि जुन्नरच्या शेतकऱ्याचे नाव देशभर गाजले. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत भाव असे कोसळले, की ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या भागात ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे आणली. पाण्याने पीक येते, भाव येत नाही. ज्याच्या घरी उत्पन्नाचा आलेख असा वरखाली होतो, त्याला दर महिन्याच्या एक तारखेला येणारा लहानसा पगारही मोठ्या नफ्यापेक्षा मोलाचा वाटला तर नवल नाही. शासकीय नोकरी म्हणजे त्याच्या लेखी एका पिढीचा पीकविमा असतो. भर म्हणून लग्नाच्या बाजाराचा दट्ट्या आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, त्यावर हसू उमटले खरे. पण शेती करणाऱ्या मुलाला मुलगी न मिळणे ही जुन्नर-आंबेगावातही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट उरलेली नाही.

तेव्हा पदवीकडे धावणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. शेतीच्या भावाची अनिश्चितता आणि पदवीधराची प्रतीक्षा ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. शेतमालाला काही किमान भरवसा आला, तर पदवीवर पडलेला हा अवास्तव भार आपोआप हलका होईल.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण होणे साहजिक आहे. जुन्नर तालुक्यात, विशेषतः ओतूर परिसरात, सत्यशोधक समाजाची चळवळ रुजली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी दाखवून दिले, की शिक्षणावर खर्च होणारा पैसा रयतेच्या घामाचा असतो आणि लाभ मात्र वरच्या थरांना होतो. त्याच निवेदनात सुशिक्षितांची संख्या कैक पटींनी वाढावी आणि त्यांनी केवळ नोकरीकडे डोळे न लावता उपयुक्त व किफायतशीर धंद्यांत शिरावे, अशी अपेक्षाही आहे. यापैकी संख्या वाढवण्याचे काम महाराष्ट्राने केले. दुसरा अर्धा भाग मात्र १८८२ मध्ये होता तेथेच राहिला आहे.

मुलींचा हिशेब वेगळा

येथवरचा हिशेब मुलांना समोर ठेवून केला. मुलींच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू केला तर अन्याय होईल. ग्रामीण भागातील मुलीपुढे बारावीनंतर पदवी की कमाई, असा पर्याय फार थोड्या घरांत असतो. बहुतेक घरांत तो पदवी की लग्न, असा असतो. म्हणजे तिच्या बाबतीत सोडून दिलेली कमाई जवळजवळ शून्य आणि तीन वर्षांत मिळणारी उसंत मात्र आयुष्याला वळण देणारी. बँक, पतसंस्था, शाळा, औषधाचे दुकान, ग्रामपंचायतीचे संगणक केंद्र, जे काही काम तिला पुढे जवळपास मिळू शकते त्याचे दार पदवीशिवाय क्वचितच उघडते.

त्यामुळे निमगाव सावा येथे महाविद्यालय असणे ही मुलींच्या दृष्टीने निव्वळ सोय नसून अनेकींच्या शिक्षणाची अटच आहे. एसटीने ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास दिला. बारावीनंतर तो थांबतो आणि सवलतीच्या पासाचे पैसे मोजावे लागतात. नेमक्या त्याच टप्प्यावर घरच्यांचा धीर सुटतो. पासाची ही रक्कम शासनाच्या लेखी किरकोळ आहे. मोफत प्रवासाची मर्यादा पदवीपर्यंत नेली, तर एवढ्या अल्प खर्चात एवढे मोठे फळ देणारी दुसरी योजना शोधून सापडणार नाही.

प्रतीक्षा कशी घटेल?

पदवीची किंमत कमी करायची म्हणजे शुल्क माफ करायचे, असे समीकरण आजवर मांडले गेले. ते आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. कमी करायची आहेत ती प्रतीक्षेची वर्षे, आणि त्यासाठी चार गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट महाविद्यालयांनी करावयाची आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत इमारत, मैदान आणि ग्रंथालय यांची वर्णने असतात. पाच वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात, हे मात्र नसते. किती नोकरीत, किती स्वतःच्या व्यवसायात, किती शेतीत, किती अजून परीक्षा देत आहेत, एवढी चार ओळींची नोंद शाखावार छापण्याची सक्ती विद्यापीठाने केली तर पालकाला अंदाजावर विसंबून राहावे लागणार नाही. बी-बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते. पदवीला तो नियम नसावा, याचे समर्थन करता येत नाही.

दुसरी गोष्ट उमेदवारीची. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. पण तो आयटीआयपुरताच आहे, असे मानण्याची सवय पडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीचा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला स्थान मिळाले. हा अनुभव कागदोपत्री प्रमाणपत्रापुरता राहू नये. जुन्नर-आंबेगावात त्यासाठी जागा कमी नाहीत. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत, बाजार समित्या आणि पतसंस्था आहेत, नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालेल्या जुन्नरमध्ये शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट आहेत. जवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अशा यंत्रणेला खगोलशास्त्रज्ञांइतकीच वीज, जोडकाम आणि यंत्रदुरुस्ती जाणणारी माणसे लागतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पदवी मिळण्यापूर्वी एखाद्या पतसंस्थेचे वर्षभराचे हिशेब प्रत्यक्ष लिहिले असतील, तर पदवीनंतर त्याला 'अनुभव काय?' या प्रश्नापुढे मान खाली घालावी लागणार नाही. याच धोरणात पदवीला चौथे वर्षही जोडता येते. संशोधनाकडे जाणाऱ्याला त्याचा उपयोग आहे; नोकरी मिळत नाही म्हणून घेतलेले चौथे वर्ष मात्र प्रतीक्षेचेच दुसरे नाव ठरेल.

तिसरी जबाबदारी शासनाची. भरतीचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करून ते पाळणे, निकाल ठराविक मुदतीत लावणे आणि परीक्षा रद्द झाली तर उमेदवाराचे शुल्क विनाअर्ज परत करणे, एवढे बंधन कायद्याने स्वतःवर घालून घेण्यास पैसा लागत नाही. महाविद्यालयांतील रिक्त पदेही त्याच हिशेबात येतात. उच्चतम पदव्या मिळवलेला अध्यापक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवतो आणि त्याच्यासमोर बसून विद्यार्थी पदवीचे मोल शिकतात. या दृश्याने जो धडा मिळतो तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक पक्का बसतो.

चौथी गोष्ट घराची आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. स्पर्धा परीक्षा द्यायची तर जरूर द्यावी. पण किती वर्षे द्यायची हे पहिल्या परीक्षेच्या आधी घरात बसून ठरावे. हरणारा जुगारी डाव सोडत नाही तो लोभामुळे नव्हे, आधी गमावलेले वाया जाईल या भीतीमुळे. तिसऱ्या वर्षी मुलगा म्हणतो, एवढी दोन वर्षे घातली, आता कसे सोडू? पाचव्या वर्षीही तो हेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अधिकच खरे वाटू लागलेले असते. अर्थशास्त्र सांगते, की गेलेले गेले. पुढच्या वर्षाचा निर्णय पुढच्या वर्षाच्या लाभ-हानीवरच घ्यायचा असतो. हे कळते सर्वांना. पण आधी ठरलेली मर्यादा नसेल तर ते वळत नाही. मुदत संपल्यावर परत येणाऱ्या मुलाला गावाने अपयशी न म्हणणे हाही या गोष्टीचाच भाग आहे. परतीची वाट लाजिरवाणी असेल, तर कोणीही परतणार नाही.

कमाईचा विचार करता पदवी आजही फायद्याची आहे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका शब्दात देता येत नाही. घराजवळ, बेताच्या खर्चात, मन लावून घेतलेली आणि घेताना हाताला काही काम शिकवणारी पदवी फायद्याची आहे. मुलींसाठी तर ती निःसंशय फायद्याची आहे. दूरवरच्या जाहिरातीची वाट पाहण्याचा परवाना म्हणून घेतलेली पदवी तोट्याची आहे, मग तिचे शुल्क पूर्ण माफ का असेना. बारावीच्या निकालानंतर निमगाव सावा येथील घरात बसून जो हिशेब मांडला जातो, त्यात शुल्काच्या रकान्याशेजारी वर्षांचा एक रकाना वाढवावा लागेल. तो रकाना कोरा ठेवूनच आजवर हिशेब जुळवला गेला, आणि त्याची भरपाई एका पिढीने आपल्या उमेदीच्या वर्षांनी केली.